झालंच म्हणणाऱ्या अक्का

न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायची, अशी आमच्या थोरल्या जाऊबाईंची सवय होती. पीठ डब्यात, तवा खुंटीला, अन् दारात आलेल्या पाव्हण्याला अक्का म्हणायच्या, "बसा की, जेवण झालंच." पाव्हणा खूश होऊन मोरीवर हात धुवायला जायचा. तो धोतराला हात पुसत येईपर्यंत पहिली भाकरी खरंच तव्यावर फुगलेली असायची. मधल्या वेळात त्या घरात काय काय व्हायचं ते मला विचारा. मी चूल फुंकायची, अक्का परातीत हात घालायच्या, अन् दोघी बाहेर आवाज जाऊ द्यायचो नाही.

नवीन होते तेव्हा मला राग यायचा. मी विचारलं होतं, अक्का, आधी करावं अन् मग सांगावं, हे उलटं कशाला? तर म्हणाल्या, "धाकटे, तोंड पुढं गेलं की पाय मागून येतात. पायाला लाज असती." त्या मला धाकटेच म्हणत राहिल्या, माझे केस पांढरे झाले तरी. हैदराबादच्या कोठी भागात आमच्या चाळीतली तेलुगू बाया-माणसं त्यांना 'झालंच अक्का' म्हणायची. त्यांना मराठी तेवढंच यायचं.

आमचं सासर उदगीरकडचं. दोघं भाऊ हैदराबादला आले, एक कपड्याच्या दुकानात लागला, एक कारखान्यात. मी पुष्कळ काही बघितलं, ते सगळं सांगत बसत नाही. थोरले गेले तेव्हा अक्काचा प्रकाश शाळेत होता. पुढं माझेही गेले, छातीच्या दुखण्यानं. मला मूल नाही. दिवस झाले, सगळे गावाकडं परतले, अन् मी भिंतीला टेकून बसलेली. पुढं काय, ते दिसतच नव्हतं. अक्का आल्या, माझ्यासमोर चहा ठेवला अन् म्हणाल्या, "हे दिवस निघालेच समज." मला वाटलं बाईला काळीज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाताला धरून सुलतान बाजारात नेलं. एका साडीवाल्या सेठला सांगितलं, की साड्यांना फॉल लावायचं काम आम्ही दोघी करतो, लई दिवसांपासून करतो. मी तोवर सुईत दोरा ओवून फक्त बटण लावलं होतं. सेठ म्हणाला, सणाचा माल आहे, होईल का? अक्का म्हणाल्या, "झाल्याच समजा साड्या."

ते गठुडं डोक्यावर घेऊन आम्ही चालत घरी आलो. रस्त्यात मी रडायला लागले, की मला येत नाही हो हे. अक्का म्हणाल्या, मला तरी कुठं येतंय. चाळीतल्या एका शिंपिणीकडनं त्यांनी त्या दुपारी शिकून घेतलं, अन् मला शिकवलं. किती वेळा उसवलं अन् किती वेळा शिवलं. पण साड्या वेळेवर गेल्या. त्या कामावर आम्ही दोघींनी प्रकाशला शिकवलं, मोठा केला.

प्रकाश कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. लग्न करून पुण्याची सून आणली, स्नेहल. ती पण तसल्याच कंपनीत. कुकटपल्लीला त्यांनी फ्लॅट घेतला अन् दोघी म्हाताऱ्यांना तिथं आणलं. चांगली पोरं आहेत, मी नावं ठेवणार नाही. पण वर लिफ्टनं जायचं, दार लावून बसायचं, अन् पाव्हणा आला तर त्याच्या आधी जेवण डब्यातनं घरी येतं. अक्काला 'झालंच' म्हणायला काही उरलं नाही. बीपी मात्र आलं. सकाळी चहाबरोबर एक गोळी, रोज, जन्मभर, असं डॉक्टरनं सांगितलं. त्या गोळीचा अक्काला भारी राग. म्हणायच्या, एवढं केलं अन् शेवटी ह्या एवढुशा टिकलीच्या हाताखाली राहायचं.

त्याच सुमारास स्नेहलनं आम्हाला एका क्लासला नेलं. लग्नाचा हॉल होता, खुर्च्यांना अजून रिबिनी तशाच. स्टेजवर एक सर, कानाला माईक लावलेला. गोरागोमटा, बोलणं गोड. एकदा हिंदी, एकदा तेलुगू, मधनं इंग्रजी. सांगायलाय की तुम्हाला जे पाहिजे ते मनात आणा, डोळ्यांपुढं बघा, अन् ते मिळालं असंच बोला. कुणाला अमेरिका पाहिजे होती, कुणाला घर, एका बाईला नवऱ्याची दारू सुटायला पाहिजे होती. तिच्याकडं मला बघवेना. सगळ्यांचे डोळे मिटलेले. सर म्हणतो, "बोलो, हो गया. बोलके छोड़ दो. शक नक्को करो. शक किया तो आता हुआ भी वापस जाता."

अक्काचा चेहरा असा खुलला होता की विचारू नका. मला कोपरानं ढोसलं. "धाकटे, मी हे जन्मभर केलं, अन् हा आता शिकवायलाय. मी पण असाच हॉल घ्यायला पाहिजे होता."

जवळ एक पोरगी माईक घेऊन फिरत होती. मला विचारलं, आंटी, आपको क्या होना, म्हणजे काय पाहिजे? मी म्हटलं, घरी जायचंय. स्नेहल कानात म्हणाली, "काकू, थोडं पॉझिटिव्ह बोला ना." अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पण रिक्षात बसल्यावर मला एक गोष्ट खटकत होती. अक्का म्हणायच्या झालंच, अन् ते करायला पळायच्या. हा म्हणतो झालं म्हणा, अन् सोडा. मग करणार कोण? मी विचारलं तसं. स्नेहल म्हणाली, काकू, ते युनिव्हर्स करतं. मला शिक्षण नाही, ते कोण ते मला माहीत नाही. पण आमच्या साड्यांना फॉल लावायला ते कधी आलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. सुनेच्या घरात म्हातारीनं किती बोलावं याला माप असतं.

सकाळी अक्का न्हाणीघरातल्या आरशासमोर उभ्या राहून म्हणायला लागल्या, "मला बीपी नाही, मी ठणठणीत आहे." मी हसायची. मग एका सकाळी बघते तर चहा संपला अन् गोळी तशीच. मी म्हटलं, अक्का, गोळी. तर म्हणाल्या, "आत्ता आरशासमोर म्हटलं मला काही नाही. आता गोळी घेतली तर ते खोटं नाही का झालं? गोळी म्हणजे शंकाच की, धाकटे."

गोळ्या सोडा असं त्या सरनं सांगितलं नव्हतं. मी तिथं होते, मी खोटं बोलणार नाही. ते अक्कानं स्वतःच्या डोक्यानं काढलं. बोललेला शब्द त्यांनी कधी खोटा पडू दिला नव्हता, अन् तीच खोड अंगाशी आली. मी भांडले. प्रकाशला सांगितलं, तो रागावला, स्नेहल तर घाबरलीच. ती म्हणाली, आई, ते मनासाठी आहे, गोळी शरीरासाठी. अक्का म्हणाल्या, बरं बाई, घेते. त्यानंतर रोज सकाळी मी विचारायची, गोळी? अन् त्या म्हणायच्या, "घेतलीच समज." अख्ख्या आयुष्यात त्या बाईचं 'समज' खोटं निघालेलं मी बघितलं नव्हतं. मी तसंच समजले.

अशीच एक सकाळ होती, ऊन बाल्कनीत आलेलं. अक्काच्या हातातनं कप गेला. मी म्हटलं, अहो, बघून. त्या कपाकडं बघायल्यात, मग हाताकडं, जणू हात दुसऱ्या कुणाचा. तोंड एका बाजूला गेलं. काही बोलायला गेल्या, तर शब्द नुसता वाहिला.

दवाखान्यातनं आल्या तेव्हा जीव होता, बोलणं हल्लू हल्लू परत येत होतं, पण लकव्यानं उजवा हात गेला होता. स्नेहल त्यांच्या पायाशी बसून रडली. कधीतरी तिनं त्या सरला फोन लावला होता, सांगितलं असं असं झालं. तो म्हणाला म्हणे, कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. स्नेहलनं हे मला स्वयंपाकघरात सांगितलं, पण अक्काचे कान शाबूत होते. त्यांनी हाक मारली. एकेक शब्द जुळवत, लाळ पुसत म्हणाल्या, "त्याला सांग. विश्वास लई होता. गोळी कमी पडली." आम्ही दोघी हसलो की रडलो, आठवत नाही. पण त्यानंतर स्नेहल क्लासचं नाव घेईना.

खरी परेशानी जेवणाची झाली. मी भरवायला बसले की अक्का तोंड मिटून घ्यायच्या. ज्या बाईनं अर्ध्या चाळीला वाढलं, तिला दुसऱ्याच्या हातचा घास जाईना. डाव्या हातानं खा म्हटलं तर त्याहून वाईट. डावा हात ताटाला लावायचा नाही, आईनं शिकवलेलं, मरेपर्यंत तसंच. माझ्या मनासाठी दोन घास गिळायच्या, मग मान वळवायच्या. गालाची हाडं वर आली, ब्लाऊज सैल झाले, ते मीच आत घेतले. डॉक्टरनं प्रकाशला सांगितलं, असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. अक्कानं ते ऐकलं अन् भिंतीकडं तोंड केलं. अन् अजून एक गोष्ट, ती माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या 'झालंच' म्हणेनाशा झाल्या. शब्द एकदा खोटा पडला, मग त्यांनी तो टाकून दिला.

हाताच्या व्यायामाला एक तेलुगू पोरगी यायची. नाव लावण्या, अंगानं काडी, पण हातात जोर. पहिल्याच दिवशी म्हणते, "अम्मा, आँख बंद करो. हाथ मुँह तक जा रा, ऐसा सोचो." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बाई, हे आमच्याकडं होऊन गेलं, त्यानंच तर ही पाळी आली. ती रागावली नाही. म्हणाली, सोचने के बाद उठाना भी है ना, अम्मा. अन् अक्काचा हात खालून धरून तिनं वर उचलला, पुन्हा उचलला, पुन्हा. डोळे मिटून बघायचं, मग उचलायचं. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," म्हणायची, हळू, हळू. घामानं दोघी भिजायच्या. ती गेल्यावर अक्का म्हणाल्या, "ही बरी आहे. ही सोड म्हणत नाही."

बोटांसाठी तिनं एक रबरी चेंडू दिला होता, दाबायला. अक्कानं तो कॉटखाली ढकलला. मी काय रांगतं लेकरू आहे का, म्हणाल्या. मला वाटलं, ह्या बोटांना त्यांच्या ओळखीचं काम पाहिजे. अक्काच्या वाती आमच्या कोठीकडच्या मराठी बायकांत नावाजलेल्या. तिथल्या देवळात कार्तिकात दिवे लागतात, त्याच्या वाती दर साली अक्काच्या हातच्या जायच्या. कपाटातली कापसाची पिशवी काढली. कापूस उपसला तर खाली गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली, नीट घडी करून ठेवल्यागत. मी ती अक्काला दाखवली. त्यांनी बघितलं अन् डोळे खाली केले. बोलून काय होणार होतं? पाकिटं उचलून टेबलावर ठेवली, पाण्याच्या तांब्याजवळ. तेव्हापासून गोळी माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवून.

पण कापसाला त्या हात लावेनात. बोटं थरथरतात, वात होत नाही, मग कशाला. असेच दिवस चालले होते. कार्तिक जवळ आला अन् देवळातल्या कमलबाईचा फोन आला, की यंदा अक्काचं असं झालंय, तर वाती दुसरीकडनं घेऊ का? अक्का समोरच बसलेल्या, कान देऊन. मी फोनवर म्हटलं, "कशाला? अक्काच्या वाती झाल्याच समजा."

फोन ठेवला तर अक्का लालबुंद. आजारात इतका जोर मी बघितला नव्हता.

"कुणाला विचारून सांगितलंस?"

"कुणाला विचारायचंय? तुम्ही विचारायच्या का मला, साड्या आणताना?"

"माझ्या जिवावर बोललीस तू."

"हौ, बोलले. आता काय करता? कमलबाईपुढं खोटी पाडता का मला?"

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारचं माझा डोळा लागला होता. उठून बघते तर अक्का पाटाशी बसलेल्या, मांडीवर कापूस, उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं दाबून धरलेली, अन् त्या दोघांच्या मधे कापसाचं एक वेडंवाकडं बोंडूक. त्याला वात म्हणायला जीभ धजेना. मी उठले नाही. डोळे मिटून तशीच पडून राहिले.

मग रोज ते. चिमटीत कापूस धरायचा, टोकाला दुधाचं बोट लावायचं, पिळायचं. चिमूट सुटायची, कापूस खाली. पुन्हा. लावण्या आली की म्हणायची, अम्मा, बॉल से अच्छा. कितीदा अक्का चिडून पिशवी लोटून द्यायच्या, अन् मी उचलून परत पुढ्यात ठेवायची. मलाही कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. माझीही कंबर दुखायची, माझेही गुडघे होते. बरं करणारं काही झटकन येत नाही, ते असंच येतं, रोज तेच तेच करून अंगात मुरत मुरत.

कार्तिकात वाती गेल्या. थोड्याच, अन् एक सरळ नाही. मी त्यात माझ्या मिसळू का विचारलं तर नक्को म्हणाल्या. आम्ही रिक्षानं कोठीला गेलो. कमलबाईनं पिशवीत बघितलं, अक्काकडं बघितलं, अन् वाती तुपात भिजवायला घेतल्या. दिवे लागले. अक्काच्या वाती कलंडून जळत होत्या, काजळी धरत होत्या, पण जळत होत्या.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दुपारी मी ताट घेऊन त्यांच्याजवळ बसले. वरणभात होता, मऊ कालवलेला. मी घास उचलला तर अक्कानं माझं मनगट बाजूला केलं. त्यांची चिमूट भातात गेली. हीच चिमूट कापसाला शिकली होती. डोळे मिटले, बहुतेक आधी मनात बघितलं, लावण्या सांगायची तसं. मग हात निघाला. छातीपर्यंत आला, लटपटला, शितं पदरावर सांडली. तोंडापर्यंत पोचलं ते एवढंसंच. पण पोचलं. चावून गिळल्यावर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जेवण झालंच समज."

कितीतरी दिवसांनी ते ऐकलं. ताट भरलेलं होतं. भात गार होऊन थिजला, कितीतरी सांडला, पण आता म्हटलंय म्हणून त्या खात राहिल्या, शेवटच्या शितापर्यंत. मी हात लावला नाही. नळी लागली नाही त्यांना.

पुढं त्या आठ-नऊ महिने होत्या. हात काही सरळ झाला नाही, पण जेवल्या आपल्या हातानं. श्रावणात एकदा दुपारी लवंडल्या त्या उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाला हृदय थांबलं. सकाळची गोळी घेतलेली होती, मी बघितलेली. पाटावर अर्धी वळलेली वात पडली होती. ती पुरी करून मीच त्यांच्या उशाशी दिवा लावला.

स्नेहल कधी कधी विचारते, काकू, मी आईंना तिथं नेलंच नसतं तर? मी म्हणते, बाई, तू मायेनं नेलंस. मनात चांगलं आणू नये असं मी कुठं म्हणते? मनात आणल्याशिवाय पायाला तरी कुठं जायचंय हे कसं कळणार? पण मनात आणलं म्हणून काम झालं असं नसतंय. ती मान हलवते. आता मलाही बीपीची गोळी आहे, तिनं मोबाईलमधे त्या गोळीची घंटी लावली आहे.

मी आता त्या खोलीत एकटीच. सकाळी जाग येते तेव्हा अंगात काही राहिलेलं नसतं. गुडघे दगड झालेले, अन् उठून करायचं काय, तेही रोज कळत नाही. घंटी वाजते. स्वयंपाकघरातनं स्नेहल हाक देते, काकू, उठलात का? पांघरुणातनं हात पण बाहेर काढलेला नसतो, अन् मी म्हणते, "उठलेच."

मग उठावं लागतं.